सहीचा रकाना

ऑफिसात मला पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणतात. मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर त्याचा रागही येत नाही. एकोणीस वर्षं मी बाल न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांची स्वीय सहायक म्हणून एकाच टेबलाशी बसले आहे. दोन न्यायाधीश आले नि गेले, आता तिसऱ्या मॅडम आहेत. त्यांच्या तारखा, पत्रं, बैठका, हरवलेला चष्मा, त्यांनी कोणाला भेटायचं आणि कोणाला बाहेरच्या बाहेर चहा पाजून वाटेला लावायचं, सगळं माझ्या हातून जातं. एवढं सगळं सरळ रेषेत ठेवायचं तर माणसाला फूटपट्टी व्हावंच लागतं. आमचा शिपाई इतका सावकाश चालतो की त्याला सगळे 'विमान' म्हणतात. त्याच्यापेक्षा माझं नाव बरं म्हणायचं.

तर त्या फूटपट्टीची कशी जिरली, ते सांगते.

आमच्याकडे येतात ती अठराच्या आतली पोरं. कुणी काय करून ठेवलेलं असतं, कुणी काय. पण पोर सुधारलं, ठरलेली मुदत नीट गेली, की त्याची फाईल नष्ट करायची असा कायदा आहे. मागे राहते ती फक्त नावांची एक वही. पोलिसांकडून किंवा सुधारगृहातून एखादा जुना कागद फिरत फिरत आलाच, तर तोही ओळखून नष्ट करता यावा म्हणून. ती वही माझ्या कपाटात असते आणि कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये. पुढे ते पोर मोठं होतं, कुठे शिकायला, नोकरीला जातं. तिथली माणसं आम्हाला पत्र लिहून विचारतात, या उमेदवाराविरुद्ध तुमच्याकडे काही आहे का? त्यावर आमचं उत्तर असतं, 'या नावाची कोणतीही नोंद या कार्यालयात आढळत नाही.' ज्यांनी आमचं दार जन्मात पाहिलं नाही त्यांच्यासाठी हेच वाक्य, आणि ज्यांची फाईल नष्ट झाली त्यांच्यासाठीही हेच. ते वाक्य मी बसवलंय. त्यातली काडी मी कुणाला हलवू देत नाही. नवा टंकलेखक एकदा 'आढळत नाही'च्या ऐवजी 'आढळली नाही' करून आला, त्याला मी सगळा गठ्ठा परत करायला लावला होता.

त्या बुधवारी तीनच्या सुमाराला एक मुलगी आली. एकोणीस-वीसची, वेणी घट्ट घातलेली, हातात प्लास्टिकची फाईल. दारातच उभी राहिली. मॅडमची सुनावणी चालू होती, फोन वाजत होता, विमानानं चुकीच्या खोलीत नेलेला अहवाल मी शोधत होते. म्हणजे माझा पारा आधीच चढलेला.

"काय हवंय?"

"मॅडम, मला जरा..."

"मॅडम आत बसतात. मला बाई म्हणतात. पटकन बोल."

ती आत आली आणि फाईल उघडून तिनं एक कागद माझ्यासमोर ठेवला. परिचारिका प्रशिक्षण शाळेचं पत्र होतं. निवड झाली आहे, परंतु चारित्र्य पडताळणी अपूर्ण असल्यानं प्रवेश रोखून ठेवला आहे. शनिवारी दुपारी यादी बंद. सोमवारपासून वर्ग.

"मग शाळेत जाऊन विचार ना. इथे कशाला आलीस?"

"विचारलं. तिथले हेडक्लार्क म्हणाले, तुमच्या कोर्टाकडून माझं पत्र वेगळं आलंय."

झालं! माझ्या अंगाचा अगदी तिळपापड झाला. "आमचं पत्र वेगळं नसतं," मी म्हटलं. "एकोणीस वर्षांत एकही पत्र वेगळं गेलेलं नाही. समजलं? त्यांना म्हणावं, डोळे तपासून घ्या."

मुलगी तरीही हलली नाही. हळूच म्हणाली, "बाई, मी बारा वर्षांची असताना इथे आले होते. ते सगळं संपलंय, असं तेव्हाच्या साहेबांनी मला सांगितलं होतं. कागदसुद्धा राहणार नाही म्हणाले होते. मग वेगळं काय आलं असेल?"

ती रडली वगैरे नाही. रडली असती तर मी पाणी दिलं असतं आणि विषय मिटवला असता. ती खरोखरच विचारत होती, आणि उत्तर मला माहीत असणार असं धरून चालली होती. मी तिचं नाव लिहून घेतलं, शुक्रवारी ये म्हटलं आणि पाठवून दिली.

ती गेल्यावर त्या हेडक्लार्कला फोन लावला. या माणसाला मी कधी पाहिलेलं नव्हतं, पण दहा-बारा वर्षांची फोनवरची ओळख. मोकळा, हसरा आवाज. मुलीचं नाव घेण्याचा प्रश्नच नव्हता. मी आपलं मोघम विचारलं, "यंदाच्या पत्रांत आमची काही चूक झाली का हो?"

"छे छे! बेचाळीस नावं पाठवली, बेचाळीस पत्रं आली. चोख काम तुमचं."

"मग कुणाचं वेगळं आलं, असं कानावर आलं."

तो हसला. "अहो बाई, ते तर तुम्हीच करता! एक्केचाळीस पत्रांवर तुमची सही, एकावर न्यायाधीशांची. कळलं आम्हाला काय कळायचं ते. तुमच्या खुणेवर तर आमचं चालतं. लेखी काही द्यायचं नाही आणि समजायचं ते समजतं. आम्ही पण कुठे लिहीत नाही, निश्चिंत राहा."

मी फोन ठेवला. काय बोलून ठेवला आठवत नाही.

आता ही सहीची भानगड सांगायला हवी, कारण ती माझीच आहे, दुसऱ्या कोणाची नाही. इथे आले तेव्हा पहिल्याच वर्षी एका क्लार्कनं फाईल नष्ट झालेल्या मुलाबद्दल फोनवर बडबड केली होती. मुलाची नोकरी गेली. मला तेव्हा फार वाईट वाटलं. त्यानंतर मी स्वतःच ठरवलं: ज्यांचं नाव वहीत आहे, त्यांच्या पत्रावर माझ्यासारख्या कारकुनाची सही नको. न्यायाधीशांची घ्यायची. एवढी मोठी सही पाहिली की पुढे कोण कशाला विचारायला जातंय? या पोरांच्या मागे कुणीतरी भक्कम उभं राहावं, एवढंच माझ्या मनात होतं. बाकीची ढीगभर पत्रं माझ्याच सहीनं जायची. जावक रजिस्टरमध्ये मी शेवटी एक रकानाही आखला: सही. त्यात 'का.' म्हणजे कार्यालय, 'न्या.' म्हणजे न्यायाधीश. फूटपट्टीनं आखलेला रकाना.

कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नाही. साहेब लोक समोर आलेल्या कागदावर सही करायचे. माझ्यावर विश्वास होता ना!

मी एकोणीस वर्षांची रजिस्टरं काढली. कपाटातून एकेक खाली उतरवताना विमान मदतीला आला, त्याला हाकलून दिलं. दार लावून बसले आणि शेवटच्या रकान्यात 'न्या.' असलेली नावं मोजली, तेच नाव पुन्हा आलं तर एकदाच धरून. दोनशे सोळा. दोनशे सोळा पोरांच्या पाठीवर मी शिक्का मारून त्यांना बाहेर पाठवलं होतं, आणि वर त्यांचं भलं केलं म्हणून रात्री सुखानं झोपले होते. आमचे हे संध्याकाळी म्हणाले, "आज भाजीत मीठ नाही." मी म्हटलं, "नाहीच आहे." त्यांनी मुकाट्यानं वरून घालून घेतलं. ऑफिसातलं घरी सांगायचं नाही, हा नियम मीच केलेला.

गुरुवारी मॅडम यायच्या आधीच मी त्यांच्या टेबलाशी उभी होते. त्या आल्या, पर्स ठेवली, माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, "कोणी गेलं का?"

मी सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. सांगताना मनात वाटत होतं, आता चिडतील, आता ओरडतील, म्हणजे मला जरा बरं वाटेल. मॅडम ओरडल्या नाहीत. रजिस्टर पुढे ओढून त्या पानं उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, "सह्या मी केल्यात. पाच वर्षं. तुम्ही एकाच लिफाफ्यातली एक्केचाळीस ठेवून एकच माझ्याकडे आणत होतात, आणि मी कधी विचारलं नाही, हेच एक का?"

"मॅडम, तुम्हाला कशी कल्पना असणार?"

"असायला हवी होती. बसा."

मी बसले. मग माझं डोकं जरा चालायला लागलं. म्हटलं, "आपण त्यांना कळवू या, सही कोणाची ते कामाच्या सोयीवर असतं. तुम्ही रजेवर असलात की माझी, नाहीतर तुमची."

"खोटं आहे ते."

"छोटंसं आहे."

"बाई," मॅडम म्हणाल्या, "इथे रोज पोरांना आपण काय सांगतो?"

खिडकीबाहेर सुनावणीला आलेल्या आया रांगेत बसल्या होत्या, एकीनं पोराचा शर्ट पँटमध्ये खोचून दिला. मॅडमनी पेच सांगितला. एका मुलीचं पत्र बदलून पाठवलं, तर 'हीच ती' असं आपणच बोट दाखवल्यासारखं होणार. न पाठवावं, तर शनिवारी यादी बंद.

"बेचाळीसही नव्यानं काढा," शेवटी त्या म्हणाल्या. "आधीची सगळी रद्द. आणि सगळ्यांवर सही तुमची."

"माझी? तुमची घेऊ या ना, सगळ्यांवर. वजन पडेल."

"त्या मुलांना मोठी सही नको होती हो. बाकीच्यांची होती तीच हवी होती."

हे मला लागलं. लागायलाच हवं होतं.

बेचाळीस पत्रं मी स्वतः टाईप केली. सह्या करताना पहिल्यांदाच प्रत्येक सही आधीच्या सहीसारखी येते की नाही ते मी बघत होते. मॅडमनी मुख्याध्यापिकांना वेगळं पत्र दिलं, अगदी चार ओळींचं. आधीची पत्रे रद्द समजावीत. कायद्यानुसार पत्रातील मजकुराखेरीज अन्य कशावरूनही उमेदवाराबद्दल अर्थ काढण्यास मनाई आहे. कोणाचा प्रवेश रोखला असल्यास कारण लेखी कळवावे. विमान हात पुढे करून उभा होता. म्हटलं, राहू दे बाबा, तू पोचेपर्यंत त्या मुली शिकून बाहेर पडतील. मी स्वतः निघाले.

शाळेच्या मुख्याध्यापिका उंच, करड्या केसांच्या, बोलायला काटकसरी. पत्र वाचलं, परत वाचलं आणि हेडक्लार्कला बोलावलं. फोनवरच्या आवाजावरून मला हा गलेलठ्ठ माणूस वाटायचा. निघाला हडकुळा, कानावर पेन. मुख्याध्यापिकांनी पत्र त्याच्यापुढे सरकवलं.

"रोखलेला प्रवेश एकच आहे ना? कारण लिहा."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत राहिले.

"कारण म्हणजे... पत्रात तसं काही नाही, पण..."

"पत्रात नाही ना? मग 'पण' कुठून आला? लिहिता येत असेल तर लिहा, नाहीतर यादीत नाव घाला."

त्यानं कानावरचं पेन काढलं, थोडा वेळ हातात धरलं आणि पुन्हा कानावर ठेवलं. नाव यादीत गेलं. माझ्या डोळ्यांदेखत.

मी जिन्यावरून उतरत होते तर तो मागून धावत आला. चिडलेला वगैरे नव्हता, उलट ओशाळलेला. "बाई, माझं काही चुकलं का? मला वाटलं, तुम्ही मुद्दाम करता. आम्हाला मदत म्हणून."

"तुम्हाला हे सुचलं कधी?"

"मला कुठलं सुचतंय! अग्निशमन दलाच्या भरतीतल्या माणसानं सांगितलं. सात-आठ वर्षं झाली असतील. त्यांच्याकडे, परिवहनकडे, सगळीकडे माहीत आहे हे. 'मोठी सही आली की नाव खाली,' असंच म्हणतात."

एवढी वर्षं मी डोळ्यांत तेल घालून एक वाक्य जपत होते, आणि सगळं शहर वाक्य न वाचताच पान उलटून खाली बघत होतं. माझ्याच सहीच्या जागेकडे. त्याला बोलण्याचा मला हक्कच नव्हता.

परत आल्यावर मॅडमना सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी सगळ्या खात्यांना तसंच परिपत्रक काढायला घेतलं आणि मी सहीचा रकाना रजिस्टरातून काढून टाकला. पुढच्यांचं भागलं म्हणायचं. मागच्या दोनशे सोळांचं काय करायचं ते आम्हा दोघींनाही सुचेना. फाईली नष्ट झालेल्या, पत्ते त्यांच्याबरोबर गेलेले. वहीत नुसती नावं. माफी मागायची तरी कोणत्या दारात जाऊन?

शुक्रवारी ती मुलगी आली. या वेळी दारात न थांबता थेट टेबलापर्यंत. प्रवेशाची चिठ्ठी तिनं दोन्ही हातांनी धरली होती. "बाई, झालं! सोमवारी गणवेशाचं माप घेणार आहेत."

"छान झालं. नीट शीक. सुई टोचताना बोलत राहायचं माणसाशी, म्हणजे दुखत नाही."

ती हसली. मग म्हणाली, "पण वेगळं काय होतं हो पत्रात?"

आता इथे मला सहज निसटता आलं असतं. 'कारकुनी चूक होती गं, दुरुस्त केली,' एवढं म्हटलं की ती खुशीत घरी गेली असती. आणि मी तेच म्हटलं. हो, म्हटलं. एकोणीस वर्षं सरळ रेषा आखणाऱ्या बाईनं त्या पोरीकडे बघून सांगितलं, "कारकुनी चूक."

"मग दादाचीपण दुरुस्त होईल का?"

"कोणाचा दादा?"

"माझा. आम्ही दोघं एकत्रच आलो होतो ना इथे. त्यानं शेजारच्यांची गाडी न विचारता काढली होती, फिरवायला. तेव्हा तो सतरा वर्षांचा. किल्ली मी आणून दिली, त्यांच्या दारामागच्या खिळ्यावरून. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीवर घातली गाडी. कोणाला लागलं नाही, पण दोघांचीही केस झाली." ती एका दमात सांगत होती. "त्याला अग्निशमनचा बंब चालवायचा होता. लहानपणापासून तेच. दोनदा भरतीला गेला. दुसऱ्यांदा तर धावण्यात पहिला आला होता. नाही घेतलं. मग परिवहनला गेला, तिथेही नाही. कारणच सांगत नाहीत कोणी. आई म्हणते, तुझ्यात दमच नाही, मुलाखतीत तोंड उघडत नाहीस, म्हणून घेत नाहीत. आता तेविसाच्या वर गेला, भरतीत बसत नाही. गॅरेजमध्ये गाड्या धुतो. घरात फार बोलत नाही."

मी उठले. कपाटाकडे गेले. तिच्याकडे पाठ केली, म्हणजे माझं तोंड दिसू नये. चार वर्षांपूर्वीचं रजिस्टर, तीन वर्षांपूर्वीचं, दोन वर्षांपूर्वीचं. आडनाव एकच, सापडायला वेळ लागला नाही. अग्निशमन दल. अग्निशमन दल. परिवहन. तिन्ही ओळींच्या शेवटी माझ्या सुरेख अक्षरात, टिंबासकट: 'न्या.'

दोनशे सोळांपैकी एकाचं दार मला सापडलं होतं, आणि खरं सांगते, सापडलं नसतं तर बरं, असं मला वाटलं.

"बस इथे," मुलीला म्हटलं आणि आत गेले. मॅडम जेवत होत्या. त्यांना तीन ओळी दाखवल्या. विचारलं, "सांगू का त्याला? कायद्यात बसतं का?"

"त्याची गोष्ट त्याला सांगण्यात गुप्तता कसली मोडते? ती त्याचीच आहे." त्यांनी डबा बंद केला. "मी येते."

"नको मॅडम. रकाना मी आखला होता."

"सह्या माझ्या आहेत."

"त्याला तुम्ही सोमवारी बोलवा, वयाचं काय करता येतं का ते बघा, अग्निशमनला लिहा, काय ते लिहा. पण आज मला एकटीला जाऊ दे."

त्या हो म्हणाल्या. बाहेर येऊन मी मुलीला सांगितलं की मघाशी मी खोटं बोलले. मग खरं सांगितलं. तिनं ऐकलं, चिठ्ठी फाईलमध्ये ठेवली, फाईलचं बटण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. "म्हणजे मी त्याला आणायला हवं होतं इथे. तेव्हाच," एवढंच म्हणाली.

"तू काहीही करायला हवं नव्हतंस. किती वाजता घरी येतो तो?"

"सहाला."

त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र, त्याच्याभोवती कापलेल्या कापडाचे तुकडे, आणि यंत्रावर वाकलेली तिची आई. मुलीनं ओळख करून दिली, "आई, या कोर्टातल्या बाई." हे ऐकल्याबरोबर तिचा चेहरा बदलला. "आता काय केलं यानं?" तिनं विचारलं. मुलीला नाही, मला.

"त्यानं काही केलेलं नाही," मी म्हटलं.

तिनं मला खुर्ची दिली आणि पुन्हा यंत्र सुरू केलं. उद्या द्यायचे कपडे होते म्हणे. तो आला तेव्हा सव्वासहा झाले होते. आडव्या हाडाचा, पँटचे गुडघे ओले, हात धुऊन धुऊन सुरकुतलेले. मला पाहून दारातच थांबला. मुलगी म्हणाली, "दादा, बस ना." तो उभाच राहिला.

मी तालीम केली होती वाटेत. 'कार्यालयीन पद्धतीतील त्रुटीमुळे' अशी सुरुवात होती. तोंड उघडलं आणि ते सगळं विसरले. सरळ सांगितलं. पत्र सगळ्यांचं सारखं असतं, पण तुझ्या पत्रावर सही वेगळी असायची. ती मी घ्यायची. चांगलं म्हणून घ्यायची. आणि भरतीतली माणसं मजकूर वाचायचीच नाहीत, सही बघून नाव खाली टाकायची. तू धावलास, तू लिहिलंस, ते त्यांनी बघितलंही नसेल. हे सगळं माझ्यामुळे झालं. मला माफ कर म्हणायला आले आहे, आणि नाही केलंस तरी चालेल. बोलता बोलता मला रडू फुटलं. कोणी मला गप्प केलं नाही, ते बरंच झालं.

तो ऐकत होता. यंत्र मधेच थांबलं होतं ते नंतर माझ्या लक्षात आलं.

"तिन्ही वेळा?" त्यानं विचारलं.

"तिन्ही वेळा. रजिस्टरात बघून आले आहे."

"दुसऱ्या वेळी मी पहिला आलो होतो."

"तुझी बहीण म्हणाली मला."

"मुलाखतीत पण बोललो होतो मी. नीट बोललो होतो." तो हे मला सांगत होता की स्वतःला, कळत नव्हतं. "घरी येऊन वाटलं, कदाचित नसेन बोललो. पुढच्या वेळी जाताना तोंडच उघडेना." मग म्हणाला, "म्हणजे माझ्यात काही नव्हतं? कमी असं?"

"काही नव्हतं रे. काहीच नव्हतं."

त्यानं ओले हात पँटला पुसले आणि आईकडे वळला. ती यंत्राच्या चाकावर हात ठेवून बसली होती, मान खाली.

"आई, ऐकलंस?"

"ऐकलं," ती म्हणाली. आवाज जेमतेम आला.

"इकडे बघ ना."

तिनं मान वर केली नाही. मग त्यानं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, तिच्या यंत्रासमोर ठेवलं आणि त्यावर बसला, तिला मान वर करावीच लागेल इतक्या जवळ. रागावलेला नव्हता तो. अगदी शांतपणे मला म्हणाला, "बाई, परत सांगा. पहिल्यापासून."

मी डोळे पुसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.